पिढ्या ओलांडणारी संस्था चालवायची तर नेतृत्वाने आधी काय हाती घ्यावे?

कार्यवाह (नियोजित), इंदूर

सर्वांना नमस्कार. इंदूरमधील एका जुन्या मराठी संस्थेच्या कार्यवाहपदाची जबाबदारी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर माझ्याकडे येणार आहे. त्याआधी अनुभवी मंडळींचा सल्ला घ्यावा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. संस्थेचे नाव मुद्दामच देत नाही. होळकर संस्थान असतानाच ती सुरू झाली. आज तिच्याकडे स्वतःची वास्तू, ग्रंथालय, बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलींचे वसतिगृह, आठवीपर्यंतची शाळा आणि लग्नकार्यासाठी भाड्याने दिले जाणारे सभागृह आहे. सभागृहाच्या भाड्यातून ग्रंथालय आणि वसतिगृह यांची तूट भरून निघते, कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होतात, गणेशोत्सव आणि कोजागरी थाटात होतात. वरवर पाहता काळजीचे कारण नाही.

मला काळजी वाटते ती सभासद नोंदवही पाहून. कापडी बांधणीच्या त्या मोठ्या वहीत आजीव सभासदांची शेकड्यांनी नावे आहेत, पण जवळजवळ प्रत्येक पानावर अनेक नावांपुढे पेन्सिलीने ‘कै.’ लिहिलेले आहे आणि आणखी कितीतरी नावांपुढे ‘पुणे’, ‘बंगळूर’ किंवा नुसतेच ‘पत्र परत’. यांपैकी कोणतेही नाव रीतसर कमी केलेले नाही. परिणामी सर्वसाधारण सभेची गणपूर्ती कधीच होत नाही. सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि तीच पंचवीस-तीस मंडळी सर्व विषय मंजूर करतात. आमचे अध्यक्ष दोन दशकांहून अधिक काळ या पदावर आहेत. संस्थेवर त्यांचा जीव आहे, शहरातील लोक त्यांच्या शब्दावर देणगी देतात आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील गॅसच्या नळीपासून शाळेच्या मान्यतेपर्यंत प्रत्येक गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न सर्वांच्या मनात आहे, पण तो सभेत कोणी काढत नाही.

अशी संस्था आणखी दोन पिढ्या नीट चालावी, तर नेतृत्वाने सुरुवात कुठून करावी? पैशापासून, नियमावलीपासून, की माणसांपासून?

हिशेबतपासनीस, रामबाग

ताई, माझे आयुष्य संस्थांची दप्तरे तपासण्यात गेले आहे, त्यामुळे माझे उत्तर कागदांपासून सुरू होईल. मात्र कागद मला माणसांइतकेच महत्त्वाचे का वाटतात, तेही सांगतो.

पहिल्या महिन्यात एक साधे काम करावे. संस्थेची प्रत्येक मूळ वस्तू कुठे आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे: नोंदणी प्रमाणपत्र, नियमावलीची शेवटची मंजूर प्रत, जागेचे मूळ खरेदीखत किंवा पट्टा, नगर निगमच्या मालमत्ता कराच्या पावत्या, इमारतीचा मंजूर नकाशा, मुदत ठेवींच्या पावत्या आणि सभांची इतिवृत्ते. यांतील निम्म्या गोष्टी एखाद्या जुन्या पदाधिकाऱ्याच्या घरच्या कपाटात सापडतात. त्यामागे वाईट हेतू नसतो, कार्यालयातील कपाटाला कुलूप नव्हते एवढेच कारण असते. पण ते पदाधिकारी गेले आणि मुलांनी घर विकले की संस्थेचा पन्नास वर्षांचा पुरावा रद्दीत जातो.

दुसरे, आपली संस्था नेमकी कोणत्या कायद्याखाली आहे ते तपासावे. सोसायटी असेल तर मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ लागू होतो. त्यानुसार कार्यकारिणीची यादी आणि लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी पंजीयक, म्हणजे संस्था निबंधक, यांच्या कार्यालयात जावे लागतात. आपल्याकडे सगळे त्याला ‘धारा २७-२८’ म्हणतात. हे काही वर्षे राहून गेले, तर वाद उपस्थित झाल्याच्या दिवशी खरी कार्यकारिणी कोणती, हे सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही. दोन गट उभे राहतात, दोन्ही गट आपापली यादी सादर करतात, बँक खाते गोठवते आणि वसतिगृहाचा किराणा थांबतो. एका संस्थेत हे मी जवळून पाहिले आहे आणि त्यात त्रास मुलींनाच झाला. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर १९५१ चा मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम पाहावा लागतो, आणि तिथे निबंधक वेगळा, नियमही वेगळे.

हा फरक किती मोठा ठरू शकतो, याचे उदाहरण आपल्या इंदुरातच आहे. देवी अहिल्याबाईंनी खासगीच्या, म्हणजे होळकर राण्यांच्या स्वतःच्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून देशभर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे आणि मंदिरे उभी केली. संस्थान विलीन झाल्यावर त्या मालमत्तांसाठी १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट स्थापन झाला. या न्यासाला सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू होतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो लागू होतो असा निर्णय दिला आणि न्यासाने नोंदणी करावी असे सांगितले. स्थापनेनंतर साठ वर्षांनी हा प्रश्न सुटावा, यावरून मुळातल्या कागदांची स्पष्टता नंतरच्या पिढ्यांच्या किती कामी येते, ते लक्षात येईल. अहिल्याबाईंचा काळ संपून सव्वादोनशे वर्षे झाली तरी त्यांनी बांधलेल्या घाटांवर लोक आजही स्नान करतात. काम टिकले, त्याची मालकी आणि जबाबदारी कोणाची, याबद्दल मात्र पुढच्यांना न्यायालयात जावे लागले.

पैशाबद्दल थोडक्यात सांगतो. सभागृहाच्या भाड्यावर सगळे अवलंबून असणे धोक्याचे आहे, हे आपण २०२० मध्ये अनुभवलेच असेल, कारण लग्ने थांबली तेव्हा भाडे थांबले, पगार मात्र थांबले नाहीत. कायम निधी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता जपायचा निधी, वाढवावा. देणगीदार कायम निधीसाठी देत असेल तर तसे त्याच्याकडून लेखी घ्यावे, कारण त्या लेखी सूचनेशिवाय आयकर खाते ती रक्कम कायम निधी म्हणून मानत नाही. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करण्याचा नियम आपल्याला ठाऊक असेलच. २०२१ पासून आयकराची नोंदणीही कायमची राहिलेली नाही, तिचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते. ती तारीख एकट्या अध्यक्षांच्या किंवा एकट्या सनदी लेखापालाच्या डोक्यात राहू देऊ नये. कार्यालयाच्या भिंतीवर लावावी.

मांडवी, बडोदे

वरील उत्तरातील प्रत्येक गोष्ट आवश्यक आहे. गुजरातमध्ये आमच्याकडे धर्मादाय आयुक्तांची व्यवस्था असल्याने विश्वस्त बदलला की फेरफाराची नोंद करावी लागते. ती न केलेल्या कितीतरी संस्थांच्या दप्तरी आजही दिवंगत व्यक्ती विश्वस्त आहेत. तरीसुद्धा ताई, मी सुरुवात नोंदवहीपासूनच करीन, कारण आपण वर्णन केलेली पेन्सिलीची ‘कै.’ हीच माझ्या मते मूळ दुखणे आहे. जिथे जिवंत सभासद थोडे आणि मालमत्ता मोठी, ती संस्था हळूहळू केवळ मालमत्ता होऊन बसते. मग तिच्याकडे येणारे लोकही मालमत्तेसाठीच येऊ लागतात.

सभासद म्हणजे नेमके काय, हे ठरवणे हे नेतृत्वाचे पहिले काम आहे. आमच्या राज्यातील ‘सेवा’ या संघटनेकडे पाहा. ती कामगार संघटना आहे, आपली संस्था निराळ्या प्रकारची आहे, हे मला मान्य आहे. पण तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत ती सुरू केली. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, विडी वळणाऱ्या स्त्रिया तिच्या सभासद झाल्या आणि त्यांच्यातूनच निवडून गेलेल्या प्रतिनिधींच्या हाती कारभार आला. प्रत्येकीकडून वर्गणी घेतली जाते. ती अगदी लहान असते, पण ती देणारी बाई संघटनेला आपली समजते आणि हिशेब विचारते. इलाबेनांनी १९९६ मध्ये सरचिटणीसपद सोडले आणि त्यानंतर त्या पाव शतकाहून अधिक काळ हयात होत्या. म्हणजे संस्थापिका समोर असताना दुसऱ्यांनी संघटना चालवली, चुकतमाकत चालवली आणि वाढवली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उत्तराधिकारी शोकसभेनंतर शोधला जातो, आणि तेव्हा त्याला विचारायला कोणी उरलेले नसते.

आजीव सभासदत्वाबद्दल माझे मत कडक आहे. एकदा रक्कम भरून जन्मभराचा मताधिकार देण्याच्या पद्धतीने आपल्या अनेक मराठी संस्थांचे नुकसान केले आहे. त्या रकमेतून एखादी खोली बांधली गेली असेल, पण माणूस आणि संस्था यांचा दरवर्षीचा संबंध तुटला. शंभर-दोनशे रुपयांची का होईना, वार्षिक वर्गणी असावी आणि ती घरी जाऊन घ्यावी. पुढच्या पिढीशी ओळख होते ती त्या घरभेटीत. आजोबा सभासद होते, नातीला संस्थेचे नाव माहीत नाही, आणि वर्गणी घ्यायला आलेल्या कार्यकर्त्याला ती विचारते की तुमच्या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत का. या प्रश्नाला ‘नाहीत’ असे उत्तर द्यावे लागले, तर पुढच्या कार्यकारिणीपुढचा पहिला विषय आपोआप ठरला.

आमच्या बडोद्यातील जुम्मादादा व्यायाम मंदिराची आठवण इथे करून देतो. जुम्मादादा हे उस्ताद. त्यांचे शिष्य माणिकराव यांनी ती परंपरा पुढे नेली आणि नाव गुरूंचेच राखले. आखाड्यात उत्तराधिकाऱ्याची नेमणूक ठरावाने होत नाही. जो रोज पहाटे येऊन धाकट्यांना शिकवतो, त्याच्याकडे लोक आपोआप पाहू लागतात. संस्थेतही जिथे रोजचे काम आहे, तिथून पुढचे पदाधिकारी यावेत. वसतिगृहाची समिती, ग्रंथालयाची समिती, शाळेची समिती अशा समित्यांवर तिशीतील माणसांना खर्चाच्या अधिकारासह बसवावे. नुसते ‘युवा आघाडी’ म्हणून उत्सवाच्या मंडपात खुर्च्या मांडायला उभे करू नये.

लष्कर, ग्वाल्हेर

बडोद्याच्या मित्रांशी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु एका बाबतीत मला वेगळे मांडायचे आहे. आजकाल कोणतीही जुनी संस्था अडली की ‘पदाची मुदत ठरवा’ हा उपाय सुचवला जातो. मुदत असावीच, पण केवळ मुदतीने संस्था टिकत नाहीत. संस्थांना दीर्घकाळ राबणारी माणसे लागतात, आणि ती माणसे व्यक्तीच्या मर्जीने न राबता नियमाने बांधलेली असावी लागतात.

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८८४ मध्ये ती स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. आजीव सदस्यांनी, म्हणजे तिथे शिकवण्याचे काम करणाऱ्यांनी (आपल्या रक्कम भरून होणाऱ्या आजीव सभासदांनी नव्हे), महिना ७५ रुपये वेतनावर २० वर्षे सेवा द्यावी, अशी तिची घडण होती. टिळक आणि आगरकर यांच्यासारखी माणसे एकाच छताखाली होती आणि त्यांचे पटले नाही. बाहेरचे उत्पन्न, त्यागाची मर्यादा, विचारांतील अंतर असे अनेक मुद्दे होते. अखेर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. १८९५ मध्ये आगरकर तर जगातूनच गेले. एवढ्या मोठ्या दोन व्यक्ती दहा-अकरा वर्षांत गेल्यावर दुसरी एखादी संस्था बसली असती. ही चालली, कारण सेवेचा करार लिखित होता आणि तो पाळणारे लोक येत राहिले. गोखल्यांनी आपली मुदत पुरी करून १९०२ मध्ये निरोप घेतला. कर्वे १८९१ मध्ये आले आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले. त्याच काळात हिंगण्याच्या आश्रमाचे कामही त्यांनी उभे केले. म्हणजे या लोकांनी पदे धरून ठेवली नाहीत, मात्र कामाला वीस-वीस वर्षे दिली. आपल्या संस्थांत नेमके उलटे झाले आहे: पदाला वीस वर्षे आणि कामाला सणासुदीचे चार दिवस.

म्हणून, ताई, आपल्या अध्यक्षांकडे अडचण म्हणून पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वीस वर्षे संस्थेला वाहून घेणारा माणूस मिळणे हे भाग्य आहे. पद सोडल्यावर त्यांना काय काम द्यायचे, याचा विचार आधी व्हावा. नुसता शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तर तो त्यांना निरोप वाटेल आणि ते साहजिकच पद सोडणार नाहीत. कायम निधीची जबाबदारी त्यांच्याकडे द्यावी. त्यांच्या शब्दाला शहरात वजन आहे, तर ते वजन पुढच्या तीन वर्षांत कायम निधीत उतरावे आणि प्रत्येक मोठ्या देणगीदाराकडे जाताना त्यांच्याबरोबर दुसऱ्या फळीतील एक जण असावा, म्हणजे ओळखही सोपवली जाईल.

माजी विद्यार्थिनी, आता पुणे

मी इंदूरच्या अशाच एका वसतिगृहात राहून शिकले. संस्था आपलीच आहे की दुसरी, ते मी विचारत नाही. आमच्या खोल्यांमध्ये देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या होत्या आणि आम्ही त्या वाचत मोठ्या झालो. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुली आज वकील आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत. पण तिथून निघाल्यापासून आजपर्यंत संस्थेकडून आम्हाला एक ओळही आलेली नाही. सभासदत्वासाठीही कोणी विचारले नाही. आपण माणसे शोधत असाल तर ती वसतिगृहाच्या जुन्या प्रवेश नोंदवहीत आहेत. आम्ही वर्गणीही देऊ आणि कामही करू, फक्त आम्हाला मताचा अधिकार हवा. केवळ स्नेहसंमेलनाला बोलावून जेवण देऊ नये.

कार्यवाह (नियोजित), इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. प्रवेश नोंदवहीचे मला खरोखरच सुचले नव्हते. ती १९६० च्या दशकापासून जपलेली आहे आणि त्यात मुलींचे गावचे पत्तेही आहेत.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. सभागृह पाडून तिथे व्यापारी संकुल उभारावे आणि संस्थेला वरचे दोन मजले द्यावेत, असा एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव आहे. कार्यकारिणीत दोन मते आहेत. जे अनुकूल आहेत त्यांचाही हेतू चांगलाच आहे, कारण इमारत जुनी झाली आहे आणि दर पावसाळ्यात ग्रंथालयाच्या छतातून पाणी येते. पण हा निर्णय पंचवीस-तीस जणांच्या तहकूब सभेत व्हावा का? आणि सभासद नोंदवही शुद्ध करायला घेतली, तर कोणाला तरी वगळण्यासाठी हे चालले आहे, असा आरोप होणार नाही का?

हिशेबतपासनीस, रामबाग

आरोप होऊ शकतो, आणि तो होऊ नये म्हणून पद्धत उघड असावी लागते. कोणाचेही नाव थेट कमी करू नका. आधी सर्व पत्त्यांवर स्पीड पोस्टने पत्रे पाठवा, वर्तमानपत्रात सूचना द्या, कार्यालयाच्या फलकावर यादी लावा आणि हरकतींसाठी पुरेशी मुदत ठेवा. मृत्यूची नोंद घरच्या मंडळींच्या लेखी पत्रावरून घ्या आणि त्याच पत्रासोबत घरातील कोणाला सभासद व्हायचे असल्यास तसा अर्ज जोडा. जे शहर सोडून गेले आहेत त्यांचे मत काढून घेऊ नका, त्यांच्यासाठी गणपूर्तीत मोजला न जाणारा वेगळा सभासद वर्ग करा. हे करायला नियमावलीत दुरुस्ती लागेल. ती सर्वसाधारण सभेत आवश्यक बहुमताने मंजूर करून पंजीयकांकडे नोंदवावी, आणि तोपर्यंत जुन्या नियमांनीच चालावे.

बांधकामाच्या प्रस्तावाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नोंदवही शुद्ध होऊन पहिली खरी गणपूर्ती असलेली सभा होईपर्यंत तो कार्यक्रमपत्रिकेवर घेऊच नये. स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाला पंजीयकांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती मागताना कोणत्या सभेने, किती सभासदांच्या उपस्थितीत ठराव केला, हेच पाहिले जाते. कार्यकारिणीत नातेसंबंध किंवा व्यवहार असलेली व्यक्ती असेल, तर तिने आधी लेखी कळवावे आणि त्या विषयापुरते मतदानातून बाजूला राहावे. ही नोंद इतिवृत्तात शब्दशः यावी.

दरम्यान छताची दुरुस्ती मात्र थांबवू नका. संकुल होणार म्हणून पाच वर्षे छत गळत ठेवायचे आणि मग इमारत धोकादायक झाली म्हणून पाडायची, असे पुष्कळ ठिकाणी घडते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा मान्यताप्राप्त संरचना अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करून लेखी अहवाल घ्या. पाडायची की राखायची, हे ठरवण्यासाठी तो लागेलच. जुनी पुस्तके पावसाळ्यापूर्वी तळमजल्यावर हलवा.

लष्कर, ग्वाल्हेर

वरील उत्तराला एवढेच जोडतो की, अध्यक्षांशी या दोन्ही विषयांवर सभेआधी त्यांच्या घरी जाऊन बोलावे, आणि एकटीने जाऊ नये. वसतिगृहाच्या समितीतील एखाद्या तरुण सभासदाला बरोबर न्यावे आणि नोंदवही शुद्धीच्या पत्रावर पहिली सही अध्यक्षांचीच घ्यावी. जुन्या सभासदांच्या घरी ते पत्र पोहोचेल तेव्हा त्या सहीमुळे उत्तरे येतील. प्रवेश नोंदवहीतील मुलींना पाठवायच्या पत्राचा मजकूर मात्र पुण्याच्या ताईंकडून लिहून घ्यावा.